बाजारातली सगळी माणसं सावधानमध्ये

आमच्या शाळेचा दिवस पहाटे शिट्टीने सुरू होतो आणि रात्री दिवे मालवले की संपतो. मधल्या वेळात पीटी, आंघोळ, नाश्ता, फॉल-इन (म्हणजे ओळीत उभं राहणं), तासिका, जेवण, सक्तीची विश्रांती, खेळ, प्रेप म्हणजे संध्याकाळचा अभ्यास, पुन्हा फॉल-इन. दिवसाचा प्रत्येक तुकडा कुणाच्या ना कुणाच्या नावावर लागलेला. कुठेतरी बसून एखादी गोष्ट नुसती बघत राहावी, एवढी मोकळीक त्यात उरत नाही, आणि चित्रकलेला नेमकी तीच लागते. मी कलाशिक्षिका म्हणून इथे आले तेव्हा हा पेच कसा सुटायचा ते मला कुणी सांगू शकलं नव्हतं. जे उमगलं ते मुलांच्या कागदांवरून, सावकाश. ते लिहून ठेवते आहे, कारण सैनिकी शाळेत रुजू होणाऱ्या कलाशिक्षकाला हाती धरायला असं काही मला तरी सापडलं नव्हतं.

शाळा निवासी, मुलांची, राज्य मंडळाची. प्रत्येक जिल्ह्यात एक सैनिकी शाळा या शासनाच्या धोरणातून निघालेल्यांपैकी एक. साताऱ्याच्या सैनिक स्कूलशी लोक हिची गल्लत करतात. ती १९६१ची, संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली आणि सीबीएसईची. आमच्याकडे अभ्यासाची बाजू प्राचार्य बघतात आणि शिस्त, कवायत, वसतिगृह हे सगळं कमांडंट सर, म्हणजे सैन्यातून निवृत्त झालेले अधिकारी. मुलं पाचवीत येतात. दहा वर्षांची असतात.

पहिला प्रश्न कागद ठेवायचा कुठे, हा निघाला. मुलाकडे एक पलंग, एक ट्रंक आणि अर्धं कपाट. ट्रंकेत ड्रॉइंग पेपर सपाट बसत नाही, गुंडाळून ठेवला तर परत सरळ होत नाही. मुलांनी आपापसांत गादीखाली ठेवायचा उपाय काढला होता, पण किट इन्स्पेक्शनला चादर ताणून गादी चारी बाजूंनी सपाट दिसावी लागते. गादीखालून कागदाचा कोपरा डोकावला की पूर्ण डॉर्मिटरीला रगडा, म्हणजे घाम काढणारी शिक्षा. मग गणवेशावरचे रंगाचे डाग. पोस्टर कलरचा निळा डाग खाकी शर्टावर पडला की उस्तादांच्या, म्हणजे कवायत घेणाऱ्या शिक्षकांच्या, नजरेतून सुटत नाही. सहावीतला एक मुलगा तर ब्रश कागदाला टेकवताना कोपर अंगाला चिकटवून बसायचा, बाही कुठे लागू नये म्हणून. त्या कोपराने रेषा कुठून मोकळी येणार! जुने पीटीचे टी-शर्ट वर्गात आणून ठेवले, उस्तादांशी बोलले, आणि चित्रकलेच्या तासाला मुलं गणवेशाचा शर्ट काढून टी-शर्ट चढवू लागली. कागदांसाठी कमांडंट सरांनी स्वतःहून नकाशांचं कपाट दिलं. रुंद, उथळ, सपाट खणांचं. एका खणात एक तुकडी. कलावर्गासाठी याहून चांगलं फर्निचर मी कुठल्याही शाळेत पाहिलेलं नाही.

तासिका जाणं हे दुसरं दुखणं, आणि ते अजून पुरतं गेलेलं नाही. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाचा सराव, एनसीसीचं शिबिर, पाहुण्यांची तपासणी, काहीही आलं की आधी चित्रकलेचा तास उचलला जातो. गणिताचा तास कुणी उचलत नाही. हे सगळ्याच शाळांत होतं हे मला माहीत आहे, पण जिथे मूल घरी जाऊन संध्याकाळी चित्र काढू शकत नाही, तिथे गेलेला तास परत मिळत नाही, हा फरक मी प्रत्येक बैठकीत मांडत आले आहे.

या सगळ्याला धरून ठेवणारा खुंटा म्हणजे ग्रेड परीक्षा. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही त्या सांगायला नकोत. एलिमेंटरीला वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र म्हणजे नक्षीकाम, आणि भूमिती-अक्षरलेखन. ती पास झाल्यावर इंटरमिजिएट, तिथे वस्तुचित्राच्या जागी स्थिरचित्र येतं. सैनिकी शाळेत परीक्षा म्हटलं की वेळ मिळतो, हे मी लवकर ओळखलं. एरवी 'छंद' असलेली गोष्ट परीक्षा झाली की 'तयारी' होते आणि तयारीला सगळे मान देतात.

भूमितीत आमची मुलं कुणाला हार जाणार नाहीत. पेन्सिलीला टोक काढलेलं, कंपासचा स्क्रू घट्ट, पट्टी पुसलेली. नक्षीकामातही तसंच. आकृतीचा एक चतुर्थांश काढून ट्रेस करून चारी बाजूंना फिरवायचा म्हटलं की रेषेला रेषा भिडते, सपाट रंग काठाबाहेर जात नाही. वस्तुचित्रात सुरुवातीला बादलीच्या तोंडाची लंबवर्तुळं बिघडतात, ती सगळ्यांचीच बिघडतात. अडलं ते स्मरणचित्रात.

विषय दिला होता भाजीबाजार. वर्ग आठवीचा. कागद गोळा करून रात्री खोलीवर एकापाठोपाठ एक बघत गेले. प्रत्येक कागदावर बाजार होता, छत्र्या होत्या, टोपल्या होत्या, आणि माणसं सावधानमध्ये उभी होती. टाचा जुळलेल्या, हात मांडीला सरळ चिकटलेले, मान ताठ. भाजीवालीसुद्धा. दोन माणसांमधलं अंतर सगळीकडे सारखं. सगळ्यांची उंची सारखी, म्हाताऱ्यांचीही. टोमॅटोचे ढीग रांगेत, ओळीने तीन. एका कागदावर गाय होती, तीही बाजूने बघितलेली, चारही पाय समांतर. एखाद्याचं तसं असतं तर मी सोडून दिलं असतं. हे सगळ्यांचं होतं.

त्यावर मी बराच विचार केला. मुलं दहाव्या वर्षी घरातून निघतात. पुढे बाजार, बसस्टँड, जत्रा, पाणवठा हे सगळं सुट्टीपुरतं. स्मरणचित्राचे विषय तर असेच येतात. ज्या जगाचं चित्र मागितलं जातं ते यांच्या डोळ्यांपुढे रोज नसतं. पण एवढंच कारण नव्हतं. रोज जे डोळ्यांपुढे असतं त्याकडेही त्यांनी बघितलेलं नव्हतं, कारण फॉल-इनमध्ये बघायचं नसतं. सावधानमध्ये नजर समोर. शेजारचा कसा उभा आहे हे मान वळवून बघणं म्हणजे चूक, आणि चुकीला शिक्षा. दिवसातून चार वेळा ज्या मुलाला शेजाऱ्याकडे न बघण्याचा सराव होतो, त्याला चित्रकलेच्या तासाला मी म्हणते, बघ. ते एकदम कसं जमणार?

मग मी बाजार बाजूला ठेवला. बाजार आणता येत नव्हता, पण मैदान समोर होतं. उस्तादांना विचारून आठवीच्या तुकडीला पीटीच्या वेळी पायरीवर वह्या घेऊन बसवायला लागले. कवायत चालू असताना काहीच काढायचं नाही. 'विसर्जन' झालं की काढायचं. ओळ तुटते, मुलं पांगतात, ती दोन-तीन मिनिटं. कुणी बुटाची नाडी बांधायला पायरीवर पाय ठेवतो, कुणी गुडघ्यांवर हात टेकून वाकतो, कुणी मित्राच्या खांद्यावर रेलतो. पेन्सिल कागदावरून उचलायची नाही, खोडरबर वर्गातच ठेवायचं, डोकं-पाठ-पाय एवढी रेघ आली तरी पुरे.

पहिले काही दिवस वह्यांमध्ये गुंता होता. मग एका मुलाने मला वही दाखवली. नाडी बांधणारा मुलगा मागून काढला होता. "मॅडम, वाकला की पट्टा मागून वर जातो आणि शर्ट बाहेर येतो." चित्रात तो पट्टा तिरका होता, शर्टाची शेपटी बाहेर आलेली आणि पाठीचा कणा गणवेशातून उमटलेला. हे त्याने कुठल्या पुस्तकात बघितलेलं नव्हतं. उलट, पट्टा सरळ आणि शर्ट आत असावा हेच त्याला वर्षानुवर्षं शिकवलेलं. जे असायला हवं ते बाजूला सारून जे आहे ते त्याने काढलं. त्या दिवसापासून तुकडीचं काम बदलत गेलं.

सैनिकी शाळेबद्दलचा माझा सगळ्यात पक्का अनुभव इथून पुढचा आहे. बाहेरचे लोक मला म्हणतात की सगळी मुलं सारखी दिसतात तिथे चित्रकला कशी शिकवता? मी सांगते, मनुष्याकृती शिकायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. एरवी मूल माणूस काढतं तेव्हा कपडे, केस, चष्मा यांनी त्याला ओळखीचं करतं. इथे कपडे सारखे, बूट सारखे, केस सारखे. आता वेगळेपण शोधायचं कुठे? उभं राहण्यात. मानेच्या कोनात. एका खांद्याच्या उतारात. न्हावी येऊन गेला त्या दिवशी मी मुद्दाम मागून डोकी काढायला लावली, आणि वर्गात गलका झाला, कारण ज्यांच्यासोबत चार वर्षं राहिलो त्यांच्या कवट्या इतक्या वेगवेगळ्या आहेत हे कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं. एकाची मागून सपाट, एकाची लांबट, एकाचे कान वर बसलेले. मेसच्या रांगेतही तेच. थाळी तीच, पण कुणी ती छातीशी धरतो, कुणी बोटांवर तोलतो, कुणी बाजूला लोंबती सोडतो. गणवेशाने मुलं एकसारखी होतात असं मला आता वाटत नाही. बघणाऱ्याला गणवेश एक मोठी सोय करून देतो.

कमांडंट सर हे सगळं लांबून बघत होते. एका शनिवारी त्यांनी विचारलं की त्यांनी तुकडीला फील्ड स्केच शिकवलं तर चालेल का. मला आनंदच झाला. मुलांना घेऊन आम्ही शाळेमागच्या टेकाडावर गेलो. त्यांनी आधी समोरच्या मुलुखात एक ठळक खूण ठरवून घेतली, मग हात पूर्ण ताणून मुठीने आडवी अंतरं मोजायला लावली. ताणलेल्या हातावर एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. क्षितिजाची रेघ, पुढची डोंगररेघ, रस्ता, देऊळ, पाण्याची टाकी. उंची मुद्दाम वाढवून काढायची, नाहीतर लांबचे चढउतार कागदावर सपाट दिसतात. सावली नको, ढग नको, कामाचं नाही ते काहीच नको. एका मुलाने विचारलं, "सर, हे झाड कसलं दाखवू?" सर म्हणाले, "फौजेत झाडं तीनच. झुपकेदार, टोकदार आणि ताडासारखं. जवानाला लांबून पटकन ओळखता आलं पाहिजे."

माझा तास त्याच्या नंतर होता, त्याच टेकाडावर. मी मुलांना तेच झाड पुन्हा काढायला सांगितलं, आता तीन प्रकारांबाहेर. बाभूळ की खैर यावर वाद झाला. दोघं जण उतरून जवळ जाऊन शेंग घेऊन आले. बाभूळ निघाली, शेंग दाण्यादाण्याला आवळलेली, माळ ओवल्यासारखी. मग फांद्या कशा फुटतात, काटे जोडीने येतात, पानांची छाया विरळ का पडते, हे सगळं त्या झाडाच्या चित्रात आलं. कमांडंट सर थांबले होते. ते म्हणाले, मॅडम, एवढा वेळ आम्हाला नसतो. मी म्हटलं, सर, आम्हालाही कुणी देत नाही.

त्यांच्या पद्धतीचा मुलांना स्मरणचित्रात फार उपयोग झाला, हे मला प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. दोन तासांच्या पेपरात बाजारातलं सगळं काढायला गेलं की काहीच पुरं होत नाही. काय गाळायचं हे त्यांनी शिकवलं, काय बघायचं हे मी. दोन्ही लागतं.

चित्रकला आणि लष्कर यांचं नातं जुनं आहे, आणि मुलांना ते ऐकायला आवडतं. कॅमेरा येण्याआधी अधिकाऱ्याला मुलुख काढून दाखवता आला पाहिजे म्हणून लष्करी शाळांत चित्रकला सक्तीची होती. इंग्लंडमधल्या वुलिचच्या रॉयल मिलिटरी अकादमीत १७६८मध्ये पॉल सँडबी हा निसर्गचित्रकार मुख्य चित्रकला शिक्षक झाला. अमेरिकेत वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत जेम्स व्हिस्लर हा विद्यार्थी चित्रकलेत पुढे होता. रसायनशास्त्रात नापास होऊन १८५४मध्ये त्याला अकादमी सोडावी लागली आणि पुढे तो जगप्रसिद्ध चित्रकार झाला. आमच्या मुलांना मात्र सगळ्यात जवळचा वाटतो रॉबर्ट गिल. अजिंठ्याची लेणी १८१९मध्ये बाहेरच्या जगाला दिसली ती मद्रासच्या घोडदळातल्या जॉन स्मिथमुळे, आणि तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करायला १८४४मध्ये नेमला गेला तो गिलही मद्रासच्या सैन्यातला अधिकारी. वर्षानुवर्षं त्या अंधारात त्याने मोठमोठे कॅनव्हास रंगवले. ते लंडनला गेले, आणि १८६६च्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळून गेले. इथपर्यंत आलं की वर्ग गप्प होतो. पुढे १८७२पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी नव्याने प्रतिकृती करायला बसले, हे सांगितलं की एकजण तरी विचारतोच, "विद्यार्थी म्हणजे केवढे, मॅडम?"

तरीही पालकांपुढे चित्रकलेची बाजू मांडताना मी लष्करी उपयोगाचा आधार घेत नाही. पालक भेटीच्या रविवारी प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, याने दहावीला किती मार्क वाढतात?" इंटरमिजिएटला ए श्रेणी आली तर सात, बी ला पाच, सी ला तीन. हे मी लगेच सांगते, लपवण्यासारखं त्यात काही नाही, गरिबाघरच्या मुलाला सात गुण सात असतात. वरच्या वर्गातल्या मुलांना दुसरी घाई असते. एसएसबीला, म्हणजे सैन्यातल्या अधिकारी निवडीच्या चाचणीला, तीस सेकंद धूसर चित्र दाखवतात आणि चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायला लावतात, तर त्याची तयारी चित्रकलेच्या तासाला करून घ्या म्हणतात. त्याला मी नकार देते. धूसर चित्रात सगळ्यांनी शूर नायकच बघायचा असं घोकून घेतलं की पुन्हा सगळी माणसं सावधानमध्ये जातात. चित्र नीट बघायची सवय लागली तर तिथे तिचा जो काय उपयोग व्हायचा तो होईल.

पालक भेटीच्या रविवारी मैदानाकडेच्या झाडांखाली सतरंज्या पडतात. डबे उघडतात, धाकटी भावंडं घसरगुंडीवर, आज्या बूट काढून पाय पसरतात. त्या सोमवारी मी विषय दिला 'भेटीचा रविवार'. बाजाराच्या वेळी ज्यांच्या कागदावर सगळी माणसं खांब होती, त्याच तुकडीने काढलेलं काम होतं हे. एकाने आजी काढली होती, एक हात जमिनीला टेकून उठताना, दुसरा हात नातवाच्या मनगटावर. एकाने डब्यावर वाकलेली आईची फक्त पाठ काढली, पदर खांद्यावरून सुटलेला. आणि एका कागदावर मला पुन्हा सावधान दिसलं. टाचा जुळलेल्या, हात मांडीला चिकटलेले. मी त्या मुलाला बोलावलं. तो म्हणाला, "मॅडम, हे बाबा आहेत. कमांडंट सरांशी बोलताना बाबा असेच उभे होते." शेजारी सर होते, एक पाय पुढे, हात मागे बांधलेले, अगदी सैल. वडिलांची टोपी हातात होती आणि ती बोटांत चुरगळलेली. मी कागदावर काहीच दुरुस्ती सुचवली नाही.

सप्टेंबरअखेर परीक्षा झाली. केंद्र तालुक्याच्या हायस्कूलमध्ये. आमची मुलं ड्रॉइंग बोर्ड काखेत धरून तीनच्या ओळीत चालत गेली आणि केंद्रावर इतर शाळांतल्या मुली-मुलांत मिसळून बसली. स्मरणचित्राच्या पेपराला मी वर्गाबाहेर होते, नियमच तसा. निकाल चांगला लागला. ए श्रेणी थोड्यांना, बी पुष्कळांना, आणि भूमितीत कुणीच मागे पडलं नाही. ज्याने पट्टा तिरका काढला होता त्याला बी मिळाली. ती माझ्या मते कमी आहे, पण परीक्षकापुढे एक कागद असतो, माझ्यापुढे त्याची सगळी वही असते.

आता अडचण वरच्या वर्गांची आहे. नववीनंतर चित्रकलेची तासिका उरत नाही. अकरावी-बारावीला विज्ञान, एनडीएचा अभ्यास, मैदान. ज्या मुलांचा हात सातवी-आठवीत मोकळा झाला ती ऐन वयात थांबतात. गेल्या सत्रात आम्ही बुधवारी संध्याकाळी खेळाच्या वेळेत कलावर्ग उघडा ठेवून बघितला, येणाऱ्यांसाठी, हजेरी नाही, विषय नाही, परीक्षा नाही. बारावीतली मुलंही येऊन बसली. काहींनी नुसते मातीचे गोळे केले, एकजण पूर्ण वेळ स्वतःचा बूट काढत होता. हा तास पुढच्या सत्राच्या रूटीन ऑर्डरमध्ये, म्हणजे शाळेच्या दिनक्रमाच्या आदेशात, लेखी यावा, आणि सरावासाठी तो घ्यावा लागलाच तर त्याच आठवड्यात बदली वेळ मिळावी, असा अर्ज मी प्राचार्य आणि कमांडंट सर दोघांनाही दिला आहे. कमांडंट सरांनी त्यावर सही करून तो पुढे पाठवला आहे.